नवऱ्याला डीकन होण्याबद्दल विचारलंय, माझी संमती लागणार आहे. जाणकारांशी बोलायचंय

सांडोरची_लेक

नमस्कार. इथे वाचते रोज पण लिहिते क्वचित. हा विषय नातेवाइकांत काढला की अर्धे लोक लगेच अभिनंदन करतात आणि अर्धे गप्प बसतात, नीट बोलणं काही होत नाही, म्हणून इथे धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर वसईतलं सांडोर, सासर मुंबईच्या उपनगरात. आम्ही कॅथलिक. नवरा बँकेत, वय ४६, दोन मुली, मोठी यंदा दहावीला. सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांना आता फारसं उठवत नाही. नवरा बऱ्याच वर्षांपासून पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमध्ये, एसव्हीपीचं काम करतो, म्हणजे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, निराधार घरांना महिन्याचं रेशन, औषधं, पोरांच्या शाळेच्या फिया, असं सगळं. यातलं बरंचसं तो कोणाला सांगतही नाही, मला सुद्धा नंतर दुसऱ्यांकडून कळतं.

आता आमच्या फादरांनी त्याला विचारलंय, की तू कायमस्वरूपी डीकन होण्याचा विचार करशील का. मुंबई आर्चडायसिसमध्ये असे लग्न झालेले डीकन आहेत, तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. चर्चच्या कायद्यानुसार लग्न झालेल्या माणसाचं वय किमान ३५ लागतं आणि बायकोची संमती असल्याशिवाय दीक्षा देताच येत नाही. म्हणजे माझ्या हो शिवाय गाडी पुढे जाणार नाही.

मला अडचण कामाची नाही. काम तो करतोच. परवा सोसायटीतल्या एक बाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, काय मग, मिस्टर अर्धे फादर होणार म्हणे! त्यांनी प्रेमानेच म्हटलं पण ते शब्द डोक्यातून जात नाहीत. लोकांना यात बढती दिसते. उद्या तो वेदीवर झगा घालून उभा राहणार, लोक हात जोडणार, पहिल्या रांगेत बसवणार. जो माणूस आज गुपचूप कोणाच्या घरी तांदळाची पिशवी ठेवून येतो त्याचं हे सगळं झाल्यावर काय होतं? कोणी जवळून बघितलंय का?

---

मुक्ता_पुणे

ताई, मी हिंदू आहे त्यामुळे प्रश्न अगदीच प्राथमिक आहेत, राग मानू नका. कॅथलिक फादर लग्न करत नाहीत ना? मग हे लग्न झालेले डीकन म्हणजे नक्की कोण? आणि ते फादरसारखं सगळं करतात का?

---

डी_फॉर_डीकन

मुक्ताताई, मी उत्तर देतो कारण मी सध्या स्वतः डीकन आहे, पण वेगळ्या प्रकारचा. मी सेमिनरीत शिकतोय, धर्मगुरू होण्याआधी प्रत्येकाला डीकनपदाची दीक्षा घ्यावी लागते, मध्ये किमान ६ महिने तरी जावे लागतात, मग याजकपदाची दीक्षा. माझ्यासारख्यांना ब्रह्मचर्याचं वचन द्यावं लागतं. कायमस्वरूपी डीकन मात्र पुढे फादर होण्यासाठी नसतो, तो आयुष्यभर डीकनच राहतो, आणि तिथे लग्न झालेला माणूस चालतो. लग्न आधी झालेलं असलं तर. दीक्षा अविवाहित असताना घेतली तर नंतर लग्न नाही, आणि बायको वारली तरी पुन्हा लग्न करता येत नाही, रोमची खास परवानगी मिळाली तरच. सांडोरताई, हे तुम्हाला फादरांनी सांगितलं असेलच पण नसेल तर आत्ताच कळलेलं बरं.

काम म्हणाल तर डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, अंत्यविधी चालवू शकतो, मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, शुभवर्तमान वाचणं त्याचंच काम आणि प्रवचनही देऊ शकतो. ईस्टरच्या आदल्या रात्री मोठी मेणबत्ती घेऊन तोच पुढे चालतो आणि ते लांबलचक स्तुतिगीत गातो. मिस्सा मात्र तो अर्पण करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही, आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कारही देऊ शकत नाही. ते फादरचं.

म्हणून "अर्धे फादर" हे चुकीचंच आहे. फादरच्या कामातून काही गोष्टी वजा केल्या की डीकन उरतो असं नाहीये ते. दीक्षेच्या वेळी बिशप हात ठेवतात, फक्त बिशप, बाकीचे धर्मगुरू ठेवत नाहीत (फादरच्या दीक्षेत सगळे ठेवतात). सेमिनरीत आम्हाला याचं कारण शिकवलं ते माझ्या लक्षात राहिलंय, की डीकनला याजकपदासाठी नाही, बिशपच्या हाताखाली सेवेसाठी हात ठेवले जातात. जवळपास तिसऱ्या शतकापासून हेच शब्द चालत आलेत. नंतर बिशप हातात शुभवर्तमानाचं पुस्तक देतात आणि सांगतात की जे वाचशील त्यावर विश्वास ठेव, ज्यावर विश्वास ठेवशील ते शिकव, जे शिकवशील तसं वाग. माझ्या हातात ते पुस्तक आलं तेव्हा तिसऱ्या वाक्यालाच माझे हात थरथरले, खरं सांगतो.

---

आगाशीकर

बाय, तुझा धागा सावकाश वाचला. मी निवृत्त शिक्षक, एसव्हीपीत मीही पुष्कळ वर्षं काढलीत, त्यामुळे तुझा नवरा काय करतो ते मला न सांगता कळतं. तुझा प्रश्न फार बरोबर आहे, आणि तो नवा नाही हे तुला सांगावंसं वाटतं, म्हणून म्हाताऱ्याचं थोडं ऐक.

हे पद निघालं तेच मुळी जेवणाच्या वाटपावरून. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये काढ, अध्याय ६. यरुशलेमची पहिलीवहिली मंडळी, सगळं सामायिक, आणि त्यातही तक्रार झाली की ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय. म्हणजे आपला कोण परका कोण हे तेव्हाही होतंच. प्रेषितांनी लोकांना सांगितलं तुमच्यातून सात माणसं निवडा, चांगल्या नावाची, आत्म्याने भरलेली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या बहुधा त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसवली, मला हा त्या अध्यायातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्या अध्यायात त्यांना डीकन म्हटलेलं नाही पण चर्चने पहिल्यापासून डीकनांची सुरुवात तिथूनच धरली. आणि त्यातला स्तेफन पुढे दगडांचा मार खाऊन मेला, मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत शौल उभा होता, तोच पुढे प्रेषित झालेला पौल.

आता रोमला ये. सन २५१ च्या सुमारास पोप कॉर्नेलियसने एका पत्रात रोमच्या मंडळीचा हिशेब दिलाय, ४६ धर्मगुरू, डीकन फक्त ७, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा आणि गरजू लोक १५०० हून जास्त. सात माणसांच्या अंगावर एवढ्या लोकांचं पोट! पैशाच्या नाड्या त्यांच्याच हातात होत्या. त्यातलाच पुढचा संत लॉरेन्स, आपल्या मुंबई-ठाण्याकडे त्याच्या नावाच्या शाळा आहेत बघ. २५८ साली बादशहा व्हॅलेरियनच्या छळात ६ ऑगस्टला पोप सिक्स्तस दुसरा मारला गेला आणि १० ऑगस्टला लॉरेन्स. परंपरा सांगते की अधिकाऱ्याने चर्चचा खजिना मागितला तेव्हा त्याने मुदत मागून घेतली, जे होतं ते गरिबांत वाटून टाकलं आणि आंधळे पांगळे भुकेले लोक घेऊन उभा राहिला की हा घ्या खजिना.

हे ऐकायला छान वाटतं, पण तुझा प्रश्न पुढचा आहे, मान मिळाल्यावर काय होतं. तर ३२५ च्या निकेया परिषदेचा १८ वा नियम वाचून बघ. तिथे जमलेल्या बिशपांना खास नियम करावा लागला की काही ठिकाणी डीकन धर्मगुरूंना ख्रिस्तप्रसाद देतायत, काही तर बिशपच्या आधी स्वतः घेतायत, धर्मगुरूंच्या बरोबरीने बसतायत, हे बंद करा आणि आपल्या पायरीवर राहा. लॉरेन्सला जाऊन शंभर वर्षंही झाली नव्हती. म्हणजे तुला जी भीती वाटते ती सतराशे वर्षांपूर्वी बिशपांनाही वाटली होती, आणि कारण होतं म्हणूनच वाटली होती.

---

मुक्ता_पुणे

काका, किती छान लिहिलंत. पण मग मधल्या काळात हे लोक गेले कुठे? माझ्या शाळेत फादर होते, सिस्टर होत्या, डीकन कधी ऐकला नाही.

---

आगाशीकर

हळूहळू डीकनपद ही फक्त फादर होण्याच्या वाटेवरची पायरी उरली पश्चिमेकडे. कामं मठांनी घेतली, धर्मगुरूंनी घेतली. १५६३ ला ट्रेंट परिषदेत ही पदं पुन्हा खऱ्या अर्थाने चालू करावीत असं ठरलं पण कागदावरच राहिलं.

ते पद परत आलं कुठून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डाखाऊ. नाझींची छळछावणी. तिथे धर्मगुरूंसाठी वेगळ्या बराकी होत्या, अडीच हजारांहून जास्त धर्मगुरू तिथे डांबले होते, बहुतेक पोलिश. तिथल्या ऑट्टो पीस आणि विल्हेल्म शामोनी या दोन जर्मन धर्मगुरूंची आपसांत चर्चा चालायची की युद्धानंतर चर्चला लोकांच्या जवळ जायचं असेल तर कायमचे डीकन हवेत, लग्न झालेले, नोकरी करणारे. विचार कर, उपाशी, उवांनी भरलेल्या बराकीत बसून माणसं हे बोलत होती. त्याच छावणीत कार्ल लाइस्नर नावाचा एक तरुण डीकन टीबीने आजारी होता, त्याला १७ डिसेंबर १९४४ ला एका कैदेतल्या फ्रेंच बिशपने लपून याजकपदाची दीक्षा दिली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तो वारला.

सुटका झाल्यावर पीस आणि शामोनी यांनी ते लिहून काढलं, जर्मनीत फ्रायबुर्गला हान्नेस क्रामर या तरुणाने १९५१ मध्ये डीकनांचं पहिलं मंडळ काढलं, मग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मान्यता दिली, १९६७ ला पोप पॉल सहावे यांनी नियम काढले आणि २८ एप्रिल १९६८ ला कोलोनला पहिल्या पाच जणांना दीक्षा मिळाली. आज जगभर ५० हजारांच्या आसपास आहेत.

---

रोखठोक_बाय

माहिती उत्तम आहे काका पण मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय. जो माणूस दीक्षेशिवायच सगळं करतोय त्याला दीक्षा कशाला? आमच्या पॅरिशमध्ये आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद कोण नेतं, बायका नेतात. एससीसीच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या ख्रिस्ती समूहांच्या मीटिंगा, मयताच्या घरी रोजची प्रार्थना, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची नखं कापणं, हे कोण करतं, बायका आणि सिस्टरच करतात आणि त्यांच्या खांद्यावर कोणी डीकनचा पट्टा टाकत नाही. पौलाने रोमकरांच्या पत्रात १६ व्या अध्यायात फीबीचं नाव घेतलंय, किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणून. तिला लोक विसरले आणि पुरुषाने तेच केलं की समारंभ होतो, जेवण होतं, बॅनर लागतं.

सांडोरताई, तुमच्या मिस्टरांबद्दल हे अजिबात नाही, ते चांगलेच असणार. पण मला खरंच वाटतं की नम्र सेवा करायला पद लागत नाही, आणि पद आलं की सेवेतला नम्रपणा पहिला जातो.

---

नगरचा_मळेकर

आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे पंचमंडळी असते, निवडून आलेली. आमच्याकडे पण हाच अनुभव आहे रोखठोक ताई, चांगला माणूस निवडून येतो आणि दुसऱ्या वर्षी खुर्ची सोडत नाही. पण उलटही बघितलंय. पद नसताना मनाला येईल तेव्हा सेवा करणारे लोक मन उडालं की गायब होतात. दुष्काळात आमच्याकडे चाराछावणीवर पहिल्या आठवड्यात मदतीला खूप गर्दी होती, नंतर ज्यांच्या अंगावर जबाबदारी होती तेवढेच उरले.

---

डी_फॉर_डीकन

मळेकरदादांनी जे म्हटलं तेच मला रोखठोक ताईंना म्हणायचं होतं, फक्त त्यांनी चांगलं म्हटलं.

याच प्रश्नावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही विचार केलेला आहे. मिशनकार्याबद्दलचा जो दस्तऐवज आहे डिसेंबर १९६५ चा, त्याच्या १६ व्या परिच्छेदात साधारण असं आहे की जी माणसं डीकनचंच काम आधीपासून करतायत त्यांना हात ठेवून बळ द्यावं आणि वेदीशी जास्त जवळून जोडावं. म्हणजे क्रम बघा, काम आधी, दीक्षा नंतर. दीक्षा हे बक्षीस नाही, त्या कामासाठी लागणारी कृपा आहे असं आम्ही मानतो. आणि एकदा दीक्षा झाली की ती पुसली जात नाही. आज मूड नाही, आज त्या म्हाताऱ्याने शिवी दिली, आज ऑफिसात त्रास झाला, तरी तुम्ही डीकनच असता. रविवारी वेदीपाशी उभा राहून शुभवर्तमान वाचणारा आणि सोमवारी झोपडपट्टीत दार वाजवणारा माणूस एकच असावा, तिथे जे वाचलं ते इथे दिसावं आणि इथल्या लोकांचं दुःख तिथे वेदीपाशी जावं, यासाठी ते पद आहे.

बायकांना डीकनपद द्यावं का हा प्रश्न चर्चमध्ये गंभीरपणे चर्चेत आहे, पोप फ्रान्सिस यांनी त्यासाठी २०१६ आणि २०२० अशा दोन वेळा अभ्यासगट नेमले होते. माझ्या आईने आयुष्यभर जे केलं ते बघून ताईंचा राग मला समजतो, आणि तो राग योग्य जागी आहे.

बॅनरबद्दल तर शंभर टक्के सहमत. माझ्या दीक्षेचा बॅनर गावात लागला होता, मी तो उतरवायला सांगितला आणि काका रुसले.

---

न्यूजर्सी_रमेदी

मी मूळची वसईची, इकडे न्यूजर्सीत पंधराएक वर्षं. अमेरिकेत डीकन खूप आहेत, जगातल्या एकूण डीकनांत सगळ्यात जास्त इथेच. आमच्या पॅरिशचे डीकन आधी शाळेच्या बसचे ड्रायव्हर होते. पगार वगैरे काही नाही, चर्चच्या कायद्यातच आहे की स्वतःची नोकरी असलेल्या डीकनने आपल्या कमाईवर घर चालवायचं. इथे बरेचसे निवृत्त लोक असतात त्यामुळे जमतं, पण ताई तुमचं दहावीचं वर्ष, आजारी सासूबाई, बँकेची नोकरी, हे तिघं मिळून काय होईल ते आधी बघा.

आमचे डीकन चांगले आहेत, जेलमध्ये जातात, माझ्या बाबांच्या अंत्यविधीला तेच होते. पण त्यांची बायको मला एकदा म्हणाली की घरी मी आजारी पडले तेव्हा ते दुसऱ्याच्या आजारी बायकोला बघायला गेले होते. ती हे चिडून म्हणाली नाही. तरी मला ते लागलं.

---

डीकनची_घरकारीण

मी बहुतेक या धाग्यावर एकटीच असेन जिने ती संमतीची सही केलेली आहे. नाव-गाव सांगत नाही, समजून घ्या, पण सांडोरताई तुमचा पहिला प्रश्न होता जवळून बघितलंय का, तर हो, रोज बघते.

पहिल्यांदा मान मिळाल्यावर काय होतं ते. मिळतो मान. लग्नात पुढे बसवतात, शाळेच्या कार्यक्रमाला बोलावतात. आमच्या ह्यांना सुरुवातीला त्याचा त्रास झाला आणि मग सवय झाली, आणि सवय झाली तेव्हा मी त्यांना सांगितलं की आता तुम्हाला हे आवडायला लागलंय. ते दोन दिवस बोलले नाहीत. मग एका रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये खुर्च्या आवरायला थांबले, आणि तेव्हापासून तेच करतात, सणाच्या मिस्सानंतर सुद्धा, झगा काढून ठेवला की खुर्च्या. कोणी म्हणालं डीकन तुम्ही कशाला, तर म्हणतात माझंच काम आहे. मला वाटतं हे असं सारखं करत राहावं लागतं, एकदा नम्र झाला की झाला असं होत नाही.

दुसरं, अपमान सुद्धा मिळतो आणि माझ्या मते तोच खरा शिकवतो. एका घरी मयत झालं, फादर बाहेरगावी होते, हे अंत्यविधीला गेले तर घरच्यांनी दारातच सांगितलं आम्हाला फादर पाहिजे, डीकन नको, आमच्या बापाला कमी प्रतीचं का. हे काही बोलले नाहीत. शेजारच्या पॅरिशमधून फादर येईपर्यंत तिथेच थांबले, पेटी उचलायला माणसं कमी होती तर खांदा दिला, आणि सिमेटरीत मागे उभे राहिले. घरी आल्यावर मी चिडले होते, हे म्हणाले त्यांचा बाप गेलाय, आज माझा मान बघायचा दिवस नाही. नंतर महिन्याच्या मिस्साला त्याच घरातला मोठा मुलगा येऊन ह्यांच्याजवळ बसला. त्याने माफी वगैरे मागितली नाही, आईच्या पेन्शनचे कागद कसे करायचे ते विचारलं. हे पुढचे कित्येक शनिवार त्याच्याबरोबर ऑफिसांच्या खेपा घालत होते.

लोकांना वाटतं सेवा म्हणजे पाय धुणं वगैरे. पाय धुणं वर्षातून एकदा असतं पवित्र गुरुवारी. बाकीचे दिवस रेशनकार्ड, आधार, हॉस्पिटलमधली लाइन, दारू सोडवायला गेलेला माणूस परत पिऊन आला की त्याच्या बायकोचा रात्री अकराचा फोन, हे असतं. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात जातात तिथे कधी कधी नुसतं बसतात, कारण त्या पेशंटला बघायला दुसरं कोणी येत नाही.

रोखठोक ताई, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि यातलं निम्मं काम मीच करते, रात्रीचा तो फोन मीच घेते कारण ती बाई पुरुषाशी बोलायला लाजते. माझ्या खांद्यावर पट्टा नाही. ह्यांना ते माहीत आहे आणि प्रवचनात ते कधी "मी केलं" म्हणत नाहीत.

तिसरं, सांडोरताई, तुमच्यासाठी. संमती ही एकदाच्या सहीची गोष्ट नाही. मी सही करण्याआधी तीन गोष्टी मागितल्या होत्या. आठवड्यातला एक दिवस घराचा, त्या दिवशी बिशप जरी आले तरी नाही. मुलांवर डीकनची पोरं म्हणून कुठलीही सक्ती नाही. आणि घरातलं आजारपण आधी. न्यूजर्सीताईंनी जे लिहिलं ते आमच्याकडे झालं असतं तर मी ह्यांच्या फादरांकडेच गेले असते. पौलाने तीमथ्याला लिहिलंय ना, पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात, की सेवकाने आपली मुलं आणि आपलं घर नीट सांभाळलेलं असावं. ते मी छापून फ्रीजवर लावलंय.

---

आगाशीकर

ही पोस्ट वाचून मी बायकोला हाक मारून वाचून दाखवली. बाय, तू देवाची माणूस आहेस.

---

रोखठोक_बाय

घरकारीणताई, तो रात्रीचा फोन तुम्ही घेता हे तुमच्या डीकनांनी एकदा तरी वेदीवरून, सगळ्यांसमोर सांगावं. माझं मत मी बदललेलं नाही, पण तुमच्या ह्यांच्यासारखा माणूस आमच्या पॅरिशमध्ये आला तर मी त्याच्याबरोबर काम करेन.

---

सांडोरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, कालपासून परत परत वाचतेय. रात्री मुली झोपल्यावर नवऱ्याला हा अख्खा धागा वाचायला दिला. निकेयाच्या नियमापाशी तो थांबला आणि म्हणाला, माझ्या मनात पण आलं होतं की पहिल्या रविवारी आई मला वेदीवर बघेल आणि तिला किती बरं वाटेल. म्हणजे त्याने ते लपवलं नाही. मी म्हटलं आईला बरं वाटावं यात वाईट काय, फक्त तेवढ्यासाठी नको.

मग मी त्याला सरळ विचारलं, समज मी नाही म्हटलं तर? तर तो म्हणाला मग मी एसव्हीपीत आहेच की, शनिवारी रेशन वाटायचंय तसं वाटेन. आवाजात काही फरक नव्हता. मी इतक्या वर्षांची ओळखते त्याला, राग गिळलेला असता तर मला कळलं असतं. मला जे बघायचं होतं ते मला तिथे दिसलं.

पण मी लगेच हो म्हणणार नाहीये. मोठीची दहावी होऊ दे. प्रशिक्षण कमीत कमी तीन वर्षांचं असतं असं फादर म्हणाले, म्हणजे घाई कोणालाच नाही, आणि सही तर शेवटी दीक्षेच्या आधी लागते, तोवर मी दर वर्षी नव्याने बघेन. तुमच्या तीन अटी मी लिहून घेतल्यात घरकारीणताई, चौथी माझी, रात्रीचे फोन मी घेईन पण मग माझी सकाळची भाजी-डबा त्याने बघायचा.

एक विचारायचं होतं, क्लासेसना बायकोने पण जायचं असतं का? आणि तुम्ही मुंबईत असाल तर एकदा भेटता येईल का? धाग्यावर नको, व्यनि करते.

---

डीकनची_घरकारीण

बायकांना बोलावतात, जेवढं जमेल तेवढं जा, विशेषतः पहिल्या वर्षी. त्यांना काय शिकवलं जातंय ते आपल्याला माहीत असलं की नंतर वाद घालायला सोपं जातं. व्यनि करा, या घरी. मिस्टरांनाही आणा, पण आपण दोघी आधी आत बसून बोलू.

---

मुक्ता_पुणे

ताई, पुढे काय ठरलं ते इथे नक्की लिहा. आणि एसव्हीपीच्या रेशनसाठी बाहेरच्या लोकांकडून मदत घेता का? पुण्यातही असेल ना कुठे?

---

आगाशीकर

मुक्ता, घेतात, आणि देणाऱ्याचा धर्म विचारत नाहीत, घेणाऱ्याचाही नाही. पुण्यातल्या जवळच्या कुठल्याही कॅथलिक चर्चच्या ऑफिसात जाऊन विचार, एसव्हीपीचं कोण बघतं म्हणून, ते नाव देतील. तूरडाळ आणि तेल सगळ्यात जास्त लागतं, तांदूळ लोक देतातच.